मुंबईत ऑब्झर्व्हरशिप: परदेशातून डॉक्टर होऊन परतलेल्यांसाठी

बिश्केक, तिबिलिसी, अल्माटी, मनिला किंवा ढाक्याहून वैद्यकीय पदवी घेऊन मुलं-मुली घरी परततात आणि पहिले काही महिने अधांतरी जातात. एफएमजीईचा, म्हणजे परदेशी पदवीधरांना इथे द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास तरी चालू असतो, नाहीतर ती पास होऊन इंटर्नशिपच्या जागेची वाट बघणं. वॉर्डशी संबंध तुटलेला असतो. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या घरात बसून प्रश्नसंच सोडवताना आपण खरंच डॉक्टर आहोत का, अशी शंका यायला लागते. या काळात मुंबईच्या एखाद्या हॉस्पिटलात निरीक्षक म्हणून महिनाभर उभं राहता आलं तर खूप फायदा होतो. मात्र ती जागा कशासाठी आहे हे आधी नीट समजून घ्यायला हवं. प्रमाणपत्रासाठी येणारे निरीक्षक आणि इंटर्नशिपची तयारी म्हणून येणारे निरीक्षक, दोन्ही मी युनिटमध्ये पाहिले आहेत. पहिल्यांच्या हाती महिन्याअखेरीस एक कागद असतो. दुसरे इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी वॉर्डात शिरतात तेव्हा त्यांना कुठे काय असतं हे माहीत असतं.

आधी कायद्याची बाजू

ऑब्झर्व्हरशिप म्हणजे इंटर्नशिप नव्हे. या महिन्यांचा एकही दिवस नोंदणीसाठी धरला जात नाही. भारतीय नागरिकाने किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारकाने परदेशात पदवी घेतली असेल, तर राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएमजीई पास व्हावी लागते. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न असतात, पास व्हायला १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग मान्य हॉस्पिटलात १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि शेवटी कायम नोंदणी. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनंतर परदेशात प्रवेश घेतलेल्यांना आणखी अटी आहेत: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. कोविडच्या किंवा युक्रेन युद्धाच्या काळात ज्यांचे वर्ग ऑनलाइन झाले, त्यांच्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वेळोवेळी वेगळी परिपत्रकं काढली आणि काहींना दोन वर्षांची इंटर्नशिप करावी लागली. आपण कोणत्या गटात बसतो हे मित्राच्या अनुभवावरून ठरवू नका. आयोगाचं परिपत्रक स्वतः वाचा.

नोंदणी होईपर्यंत तुम्ही रुग्णावर उपचार करू शकत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लहान नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला "आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून बसा, पगार देतो" असं सांगणारे भेटतील. ऑब्झर्व्हरशिपच्या नावाखाली हे काम गळ्यात पडत असेल तर लगेच नाही म्हणा. रात्री दोनला छातीत दुखणारा माणूस आला आणि तुम्ही एकटेच असाल, तर त्या माणसाचाही जीव धोक्यात येतो आणि तुमचं अख्खं करिअरही.

कुठे जावं

मुंबईत पर्याय भरपूर आहेत. परळला केईएम, शीवला लोकमान्य टिळक म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल, मुंबई सेंट्रलला नायर आणि जुहूला कूपर, ही पालिकेची. भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं. कॅन्सरसाठी परळचं टाटा मेमोरियल, लहान मुलांसाठी तिथलंच वाडिया. खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत हिंदुजा, लीलावती, जसलोक, बॉम्बे हॉस्पिटल, कोकिलाबेन अशी मोठी नावं आहेत.

खासगी हॉस्पिटलात अर्ज बहुधा शैक्षणिक विभागाकडे जातो. उत्तर वेळेत येतं, वातावरण शिस्तीचं असतं आणि अनेक ठिकाणी शुल्क असतं. तिथे तुम्ही एका कन्सल्टंटच्या मागे फिराल, नवी यंत्रं आणि उत्तम शस्त्रक्रिया पाहाल. पण ज्याला पुढे इंटर्न व्हायचंय, त्याने शक्य असेल तर पालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलातलं जनरल मेडिसिनचं युनिट गाठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे रुग्णांची संख्या मोठी असते, आजार अजून निदान न झालेल्या अवस्थेत येतात आणि शेजारी उभे असलेले इंटर्न नेमकं तेच काम करत असतात जे वर्षभरात तुम्हाला करायचंय. कार्डिऑलॉजी किंवा रोबोटिक सर्जरीचा मोह पडतो, मला तो समजतो. पण सलाइनचा हिशेब, रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्यांचे रंग आणि ट्रान्सफर नोट कशी लिहितात हे कळल्याशिवाय त्या पाहण्यातून फारसं काही पदरी पडत नाही. मेडिसिननंतर वेळ उरला तर कॅज्युअल्टी, मग स्त्रीरोग व प्रसूती.

परदेशी नागरिक असाल तर व्हिसाच्या प्रकारात हे बसतं का, हे हॉस्पिटलकडून आणि दूतावासाकडून लेखी विचारून घ्या, मगच तिकीट काढा.

अर्ज

पालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलात रस्ता असा जातो: आधी विभागप्रमुखांना भेटा, त्यांची तोंडी तयारी दिसली की डीनच्या नावे अर्ज लिहा, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस घ्या आणि तो डीन ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर द्या. आवक क्रमांक पडलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढच्या प्रत्येक फेरीत कारकून तोच क्रमांक विचारतात. विभागप्रमुखांना भेटायला ओपीडीच्या दिवशी सकाळी दहाला गेलात तर त्यांच्या दारात शंभर रुग्ण असतील. दुपारी ओपीडी संपल्यावर जा आणि जाण्याआधी विभागाच्या क्लार्कला विचारा.

अर्ज एका पानाचा असू द्या. कोण आहात, कुठून पदवी घेतली, एफएमजीईची स्थिती काय, कोणत्या तारखेपासून किती आठवडे यायचंय आणि का. शेवटचं वाक्य हे असावं: "मी स्वतःहून रुग्णांची तपासणी करणार नाही, कोणताही उपचार वा प्रक्रिया करणार नाही आणि रुग्णांची माहिती गोपनीय ठेवीन." हे लिहिलेला अर्ज पटकन पुढे सरकतो, कारण प्रशासनाला पहिली भीती तीच असते.

सोबत पासपोर्ट आणि आधारच्या प्रती, पदवी आणि गुणपत्रकं, मूळ रशियन वा इतर भाषेत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर, एफएमजीईचा निकाल असल्यास तो, लसीकरणाची नोंद, फोटो. काही ठिकाणी हमीपत्र किंवा पोलीस पडताळणी मागतात. पदवीबद्दल एक गोष्ट जपा. रशिया आणि मध्य आशियातल्या अनेक विद्यापीठांची पदवी "एमडी" म्हणून येते, आणि भारतात एमडी म्हणजे पदव्युत्तर शिक्षण. अर्जात, बायोडेटात, छातीवरच्या बिल्ल्यावर कुठेही ती अशी लिहू नका की तुम्ही पदव्युत्तर डॉक्टर वाटाल. "एमबीबीएस समकक्ष, अमुक विद्यापीठ" असं लिहा.

शुल्क असेल तर ते हॉस्पिटलच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. "अमुक हॉस्पिटलात जागा लावून देतो" म्हणत रोख मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. जागा देण्याचा अधिकार फक्त हॉस्पिटलला असतो. आणि पास झालेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की इंटर्नशिपसाठी कॉलेजने शुल्क घेऊ नये, असं आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

परीक्षा तीन महिन्यांवर आली असेल तर पूर्ण दिवसाची ऑब्झर्व्हरशिप घेऊ नका. सकाळचा राउंड आणि ओपीडी करून दुपारी घरी जाऊन अभ्यासाला बसा. आधी परीक्षा, बाकी सगळं तिच्यानंतर.

वॉर्डात पाय ठेवण्याआधी

हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले हवेत: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासून घ्या, ती किमान १० mIU/ml असायला हवी. अनेकांचा कोर्स परदेशात अर्धवट राहिलेला असतो, तो इथे पूर्ण करता येतो. कांजिण्या आणि गोवर झालेत का किंवा लस घेतली का, हे आईला विचारा. मुंबईत क्षयरोगाचं प्रमाण मोठं आहे आणि औषधांना न जुमानणारा टीबीही आहे. छातीचे रुग्ण असलेल्या वॉर्डात साधा सर्जिकल मास्क पुरत नाही, एन-९५ लावा आणि तो चेहऱ्यावर घट्ट बसलाय का ते पाहा.

पायात बंद बूट, पूर्ण एप्रन, बाह्या कोपरापर्यंत, नखं कापलेली. बाकी पोशाखाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

युनिटमधली माणसं

आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजात काम युनिटप्रमाणे चालतं. युनिटप्रमुख, त्यांच्याखाली असोसिएट आणि असिस्टंट प्रोफेसर, मग रजिस्ट्रार, हाउसमन (दोघेही पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर, रजिस्ट्रार वरच्या वर्षाचा) आणि इंटर्न. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे आणि इमर्जन्सीचे दिवस ठरलेले असतात. इमर्जन्सी डेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा राउंड सर्वांत लांब आणि सर्वांत शिकवणारा. रात्री दाखल झालेला प्रत्येक रुग्ण त्या दिवशी सरांसमोर मांडला जातो, रजिस्ट्रारने काय विचार केला आणि कुठे चुकलं याची चर्चा होते. आठवड्यातला एकच दिवस येऊ शकत असाल तर हा दिवस निवडा.

हाउसमन तुमच्यापेक्षा वयाने लहान असला तरी त्याला सर म्हणा, ती असेल तर मॅडम. वॉर्डातल्या सिस्टर-इन-चार्जना पहिल्याच दिवशी जाऊन भेटा, नाव सांगा, किती दिवस आहात ते सांगा. वॉर्ड त्या चालवतात. मामा आणि मावशींना नावाने नमस्कार करा. कुठल्या खाटेवरचा आजोबा सकाळपासून जेवलेला नाही, हे अनेकदा सगळ्यांत आधी मावशींना कळलेलं असतं.

रात्रभर जागलेल्या हाउसमनला राउंडच्या मध्येच "याला मेरोपेनेम का दिलं?" असं विचारू नका. प्रश्न वहीत लिहा आणि चहाच्या वेळी विचारा. कँटीनमध्ये त्याच्याकडे दहा मिनिटं निवांत असली की तो मनापासून शिकवतो.

काय पाहावं

माझ्या मते निरीक्षकाने मुंबईतला पावसाळा चुकवू नये. जून ते सप्टेंबर मेडिसिनचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरतात, जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. मलेरिया, डेंगी, लेप्टो, टायफॉइड हे चारही आजार एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी झोपलेले असतात आणि पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात: ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी. ते वेगळे कसे काढतात हे पुस्तकात वाचून कळत नाही, रोज त्याच रुग्णाच्या खाटेशी उभं राहून कळतं.

इतिहास घेताना रजिस्ट्रार काय विचारतो ते कान देऊन ऐका. "साचलेल्या पाण्यातून चालत गेलात का? पायाला जखम आहे का? घरात उंदीर आहेत का?" हे तीन प्रश्न लेप्टोकडे नेतात, कारण त्याचे जंतू उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि कापलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. मग तो पोटऱ्या दाबून पाहतो, डोळे लाल आहेत का पाहतो, लघवी किती झाली विचारतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोची मोठी साथ आली. त्यामुळे इथले डॉक्टर पाण्यातून चालल्याचा प्रश्न कधी विसरत नाहीत. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. परळ-दादरला गुडघाभर पाण्यातून तुम्हीही हॉस्पिटलात याल, तेव्हा ते तुम्हालाही लागू आहे.

डेंगीत नवख्याची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर खिळते. नातेवाईकांचीही तीच. अनुभवी रजिस्ट्रार मात्र ताप उतरतोय त्या दिवशी जास्त सावध होतो, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका तेव्हाच असतो. तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढतोय का पाहतो, पोट दुखतंय का विचारतो, हातपाय गार आहेत का स्वतः हात लावून बघतो आणि सलाइनचा वेग तासातासाने बदलतो. एकच डेंगीचा रुग्ण निवडा आणि दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत रोज त्याचा तक्ता वहीत उतरवा: ताप, नाडी, रक्तदाब, लघवी, हिमॅटोक्रिट, दिलेलं द्रव. असे पाच-सहा रुग्ण पूर्ण पाहिलेत तर पन्नास रुग्ण वरवर पाहण्यापेक्षा तुमचं जास्त भलं होईल.

दुसरी गोष्ट रुग्णाशी बोलण्याची. तुमचं क्लिनिकल शिक्षण रशियन किंवा चिनी बोलणाऱ्या रुग्णांसमोर झालं असेल. इथे आजी सांगते, "घाबरल्यासारखं होतंय," आणि तिच्या छातीत धडधड असते. कोकणातले काका "अंगावरून वारं गेलं" म्हणतात तेव्हा ते अर्धांगवायूबद्दल बोलत असतात. बाई खालच्या आवाजात "अंगावरून जातंय" म्हणाली तर ती रक्तस्रावाबद्दल सांगतेय, आणि हे ती कदाचित फक्त एकदाच सांगेल. शिवाय मुंबईच्या ओपीडीत मराठीइतकीच हिंदी, भोजपुरी, गुजराती आणि उर्दू ऐकू येते. रजिस्ट्रार त्याच तक्रारीसाठी प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत कसं विचारतो, ते टिपून ठेवा.

तिसरी गोष्ट पैशांची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, समाजसेवा अधीक्षकांकडे रुग्णाला कधी पाठवतात, रेशनकार्ड नसेल तर काय करतात, हे विचारून घ्या. परदेशातल्या वॉर्डात हे कुणी शिकवलेलं नसतं आणि इथे मात्र याच्यावर अनेकदा ठरतं की रुग्ण उपचार पूर्ण करेल की अर्ध्यावर गावी निघून जाईल.

हात मागे

रुग्णाला तपासायचं असेल तर युनिटच्या डॉक्टरांसमोर, त्यांनी सांगितलं तर आणि रुग्ण हो म्हणाला तरच. त्याआधी सरळ सांगा: "आजी, मी इथे शिकायला आलेय, उपचार हे डॉक्टर करतायत." सुई, कॅथेटर, टाके, यांतलं काहीही नाही. केसपेपरवर एक अक्षरही लिहायचं नाही, सही तर नाहीच. "जरा हा फॉर्म भर ना" असं धावपळीत कुणी म्हणालं, तरी नम्रपणे नकार द्या. पोलीस केस असलेल्या रुग्णाच्या कागदांपासून तर लांबच राहा, ते कोर्टात जातात.

सोनोग्राफीच्या खोलीत विशेष काळजी घ्या. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली मशीन कोणी वापरायचं हे ठरलेलं असतं आणि प्रत्येक गरोदर बाईची नोंद होते. प्रोबला हात लावू नका, आणि गर्भाबद्दल शब्दाने किंवा खुणेनेही काही बोलू नका.

फोटो नाही. एक्स-रेचा नाही, जखमेचा नाही, वॉर्डाच्या दारात स्वतःचाही नाही, कारण मागे कोणी ना कोणी झोपलेलं असतं. वहीत रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, खाट क्रमांक लिहू नका. "५५ वर्षांचे पुरुष, तापाचा चौथा दिवस" इतकं पुरतं.

नातेवाईक तुम्हाला एप्रन घातलेलं बघून विचारणारच, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?" तिथे अंदाज सांगू नका. "मी शिकायला आहे, मोठ्या डॉक्टरांना बोलावते," म्हणा आणि खरोखर बोलावून आणा. मृत्यूनंतर वॉर्डात वातावरण तापलं तर मागे सरका आणि सिस्टरांच्या टेबलाजवळ जा. मध्यस्थी करायला जाऊ नका.

सुई टोचली तर

तुम्ही सुई वापरत नसलात तरी चादरीत राहिलेली सुई टोचू शकते. जखम दाबून रक्त काढत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. लगेच सिस्टर-इन-चार्जना आणि रजिस्ट्रारना सांगा, कॅज्युअल्टीत नोंद करा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लागणार असतील तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरला जात नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. लाजेने किंवा "सर रागावतील" म्हणून गप्प बसलेली मुलं मला माहीत आहेत. कोणी रागावत नाही, आणि रागावलंच तरी सांगायचंच. म्हणूनच रुजू होतानाच विचारून घ्या की निरीक्षकाला असं झालं तर औषधं कुठून मिळतात आणि खर्च कोण करतं.

कचऱ्याचे रंगही पहिल्या दिवशी पाठ करा: रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात.

शेवटच्या आठवड्यात

प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः टाइप करून विभागाच्या क्लार्ककडे द्या, म्हणजे काम पटकन होतं. त्यात विभाग, युनिट, पहिली आणि शेवटची तारीख, आणि "निरीक्षक म्हणून" हे शब्द असू द्या. "काम केले", "रुग्ण हाताळले" असं काही येऊ देऊ नका, पुढे नोंदणीच्या किंवा परदेशी अर्जाच्या वेळी तेच अडचणीचं ठरतं. विभागप्रमुखांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक तपासा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का हे टेबलापाशी उभं राहूनच वाचा. ओळखपत्र परत करा, लॉकरची किल्ली द्या.

त्याच दिवशी युनिटप्रमुखांना भेटून विचारा, "सर, इंटर्नशिपच्या आधी मी कशावर मेहनत घेऊ?" त्यांनी महिनाभर तुम्हाला पाहिलेलं असतं, त्यामुळे उत्तर नेमकं मिळेल. मग आर्थर रोड नाक्याजवळ साने गुरुजी मार्गावरच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या कार्यालयासाठी वेगळी फाइल लावायला घ्या: पदवी, भाषांतर, एफएमजीईचा निकाल, पासपोर्टच्या येण्याजाण्याच्या शिक्क्यांची पानं. ऑब्झर्व्हरशिपचं प्रमाणपत्र त्या फाइलमध्ये ठेवायची गरज नाही.